दारावर मांडलेली शाळा

आमच्या शाळेत मी उडीद होतो. हसू नका. मराठीच्या बाई मूग होत्या, हिंदीच्या बाई शेंगदाणा, पी.टी.चे सर चिंचोका. हेडमास्तरांना आठवड्यातनं मोजकेच तास असायचे, एका फळाच्या बिया पुरायच्या, म्हणून ते सीताफळाची बी. ही नावं पोरांनी ठेवली असती तर एकेकाचा कान पिळून मोकळा झालो असतो. पण ती ठेवली होती गणिताच्या सरांनी, आणि तीही चेष्टेनं नाही, शाळेचं वेळापत्रक बसवण्यासाठी.

मुरुमहून उमरग्याकडं निघालं की रस्त्याला लागूनच आमची शाळा, पाचवी ते दहावी. प्रयोगशाळेचं जुनं दार वाळवीनं खाल्लं म्हणून काढलं, तेव्हा सरांनी ते मागून घेतलं. दर जूनला ते दार दोन बाकांवर आडवं पडायचं. त्यावर खडूनं चौकटी आखलेल्या. उभ्या ओळीत एक वर्ग, आडव्या ओळीत एक तास. प्रत्येक चौकटीत एक दाणा, म्हणजे त्या तासाला त्या वर्गावर कोण, ते. एकाच आडव्या ओळीत दोन उडीद आले, की मी एकाच वेळी दोन वर्गांवर. तसं झालं की सर म्हणायचे, "ओरड झाली." सगळी ओरड संपली की वेळापत्रक झालं.

मी एकदा म्हणालो, "सर, कागदावर लिहा की. दाणे कशाला?"

"कागदावर लिहिलं की माणसाला वाटतंय, झालं. दाणा कसा, हलवता येतो."

गणिताचा माणूस, पण हिशेबानं वेळापत्रक बसतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "सगळ्या तऱ्हा मोजायला बसलो तर ह्या पोरांची नातवंडं रिटायर व्हतील," म्हणायचे. पहिल्या दिवशी दाणे कसेही मांडायचे. अगदी पेरणीत फेकल्यासारखे. नुसती बोंबाबोंब. मग दोन दाण्यांची अदलाबदल करायची आणि ओरड कमी झाली का बघायचं. झाली तर ठेवायचं, नाही तर परत जागेवर. एकदा हलवलेल्या दाण्याला काडीनं हळदीचा ठिपका लावायचे. तो दाणा त्या दिवशी पुन्हा हलवायचा नाही. "हळद लागलेल्या नवऱ्यानं घराबाहेर पडायचं नसतंय," हे कारण. हळद लावली नाही तर माणूस तेच दोन दाणे इकडून तिकडं, तिकडून इकडं करत बसतो, हेही त्यांचंच म्हणणं.

पण खरी गंमत पुढं असायची. ओरड कमी होत होत दोन-तीनवर यायची आणि तिथंच अडायची. काहीही हलवा, वाढायचीच. आम्ही म्हणायचो, झालं, दोन ओरडी चालवून घेऊ. सर मात्र अशा वेळी चांगली बसलेली एखादी ओळ मुद्दाम विस्कटून टाकायचे. बघणाऱ्याचा जीव जायचा. हिंदीच्या बाई तर ओरडायच्याच, "अहो, काय करताय हे!"

सर मूळचे तामलवाडीकडचे, घरी मेंढरं. ते सांगायचे, "नाल्यावर मेंढरं अडली की अडाणी माणूस मागनं रेटतो. रेटलं की ती अजून गच्च होत्यात, मरत्यात एखांद्या वेळेस. माझा बाप मागं घ्यायचा. पार वावरात न्यायचा. वावराचा मालक शिव्या द्यायचा, देऊ द्या. थोडं बिघडवल्याबिगर वाट सापडत न्हाई." आणि खरंच दोन-तीन दिवसांत ते विस्कटलेलं वेळापत्रक असं काही बसायचं की आम्ही गप.

शेंगदाण्याची एक भानगड सांगतो. एका वर्षी सगळं जमलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर हिंदीचे तासच गायब. शिपाईमामांना सरांनी दाराजवळ राखणीला बसवलं होतं. मामा सीमेपलीकडचे, कन्नड बोलणारे, स्वभावानं देवमाणूस. बसल्या बसल्या एकेक करत त्यांनी आठवीची हिंदी खाल्ली, मग नववीची. विचारलं तर म्हणाले, "होगली बिडरी सर, जाऊ द्या. ध्यानातच आलं न्हाई." पुढच्या वर्षापासून हिंदीला एरंडीच्या बिया आल्या. एरंडी कोण खातंय? बाईंना मात्र आपण शेंगदाण्याच्या एरंडी झालो याचा राग बरेच दिवस होता.

माणूस तसा तापदायकच. एस.टी.त चढले की लोकांच्या जागा बदलायला लागायचे. "मावशी, तुम्ही खिडकीला या, तुम्हाला गाडी लागती. पाव्हणं, तुम्ही उमरग्याला उतरणार, मग दाराजवळ बसा." मधे पोरगं, कडेला पिशवी, असं सगळ्यांचं नीट लागलं की स्वतःला जागा उरलेली नसायची. घरी बाज आणि कपाट महिन्याला नवीन ठिकाणी. त्यांच्या मंडळी वैतागून म्हणायच्या, "एक दिवस मला बी शेजारी न्हेऊन ठिवतील." मला तर त्यांनी वर्षानुवर्षं जेवणानंतरचा पहिला तास दिला. इतिहास, आणि जेवणानंतर! पोरं पेंगायची, मी पेंगायचो. तक्रार केली की म्हणायचे, "तुम्ही गोष्टी सांगता. तुम्हीच त्येस्नी जागं ठेवू शकता."

मात्र एक होतं. जूनच्या आधी ते प्रत्येकाला व्हरांड्यात एकटं गाठायचे आणि विचारायचे, "तुमची अडचण काय? एकच सांगा." एकच. दोन सांगितल्या तर म्हणायचे, "घरी जाऊन ठरवा, मोठी कंची त्ये. उद्या सांगा." सांगितलेली अडचण मग दगडावरची रेघ. बाकी सगळं हलेल, ती हलायची नाही. आणि तिचा दुसऱ्या कुणाला पत्ता लागायचा नाही. मराठीच्या बाईंचं बाळ तान्हं होतं, शाळेमागच्या खोलीत सासूजवळ असायचं. त्या वर्षभर बाईंना मधल्या सुट्टीला लागून तास कधी आला नाही. हे आम्हाला बाईंनीच फार उशिरा सांगितलं.

पी.टी.च्या सरांनी एकदा अडचण सांगितली, की म्हाताऱ्या वडिलांना दुपारी जेवू घालायला घरी जावं लागतं. त्यांचे वडील वारून जमाना झाला होता. मी गणिताच्या सरांना म्हणालो, "तुम्हाला उल्लू बनवतोय तो."

"ठावं हाय की."

"मग?"

"खोटं बोलून मागतोय म्हंजी खरं सांगायची सोय न्हाई त्येला. द्या की एक तास." आणि दिला. ती खरी अडचण काय होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सगळ्यात अवघड अडचणीचा माणूस ते सगळ्यात आधी बसवायचे. मेंढरं काढताना लंगडं आधी सोडायचं, धडधाकट कुठनंबी वाट काढतंय, असा त्यांचा न्याय.

आता करडईकडं येतो. येऊ नये असं वाटतं, पण त्याशिवाय सर सांगून होत नाहीत.

करडई म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. पांढरे कपडे, टोकदार बोलणं. माझा दोस्त. एका मे महिन्यात जेवून हात धुवायला उठले आणि मोरीतच बसले, ते उठलेच नाहीत. मागं वहिनी आणि दोन लहान लेकरं. वहिनींचं माहेर कर्नाटकात. तेराव्याला त्यांचा भाऊ गाडी घेऊनच आला होता, बहिणीला आणि भाच्यांना न्यायला. माणूस चांगला होता, पण त्याच्या बायकोचा चेहरा मी बघितला होता.

आम्ही सगळे खाली मान घालून बसलेलो. आणि आमचे हे महाशय वहिनींसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची अडचण काय? एकच सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा जाऊन तेरा दिवस झालेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न आहे? मी उठून त्यांना बाहेर ओढणार होतो. तेवढ्यात वहिनी बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बोलल्या.

"मला इथंच राहायचंय, सर. पोरांना मामाच्या दारात वाढवायचं न्हाई."

"बरं," सर म्हणाले आणि उठले.

वहिनी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेल्या. लग्नानंतर घरीच होत्या. नवऱ्याच्या जागेवर त्यांना घेता येत होतं, पण शिक्षकाची पात्रता परीक्षा द्यायची राहिली होती. परीक्षा होणार, निकाल लागणार, कागद वर जाणार. म्हणजे वर्ष तरी गेलं. तोवर जागा जिवंत राहायला पाहिजे, एवढीच गोष्ट होती.

त्याच जूनमध्ये हेडमास्तरांनी कॉम्प्युटरवर वेळापत्रक लावायचं ठरवलं. कॉम्प्युटरचे नवीन सर आले होते, त्यांनी कुठलासा प्रोग्राम आणला. आम्हाला वाटलं, आता म्हातारा रुसणार. छे! सर शाळेतल्या लहान पोरासारखे त्या पडद्यासमोर जाऊन बसले. "आत काय करतंय त्ये?" कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं, की तोही आधी कसंही मांडतो, मग अदलाबदल करत बघतो, अडला की मधेच वाईट बदलही मुद्दाम स्वीकारतो. याला ह्युरिस्टिक शोध म्हणतात, नेमकं उत्तर मोजून काढता येत नाही तिथं अशा अंदाजाच्या वाटेनं जायचं.

"नाव बी ठेवलंय व्हय त्येला?" सर इतके खूश झाले की कॉम्प्युटरच्या सरांना घरी जेवायलाच घेऊन गेले.

चहा पिऊन होईस्तोवर प्रोग्रामनं वेळापत्रक काढलं. हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून कागद पुढं केला. एकही ओरड नाही. इंग्रजीचे सगळे तास आमच्यात वाटून टाकलेले. दहावीची इंग्रजी माझ्याकडं, नववीची मराठीच्या बाईंकडं, बाकी किरकोळ इकडं तिकडं.

सरांनी कागद पुष्कळ वेळ बघितला. "झकास झालंय," म्हणाले. मग म्हणाले, "पण ह्यात आपला माणूस मेलाय, ह्ये कुठंच दिसत न्हाई."

हेडमास्तर म्हणाले, "सर, भावना बाजूला ठेवा. जागा भरेपर्यंत भागवून घ्यायचं, इतकंच."

"चित्रकलेचं काय झालं?" सरांनी विचारलं.

चित्रकलेचे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचे तास असेच 'तात्पुरते' वाटले होते. त्यानंतर शाळेला चित्रकला शिक्षक मिळाला नाही. कसा मिळणार? काम भागतंय की! सातवीची चित्रकला तेव्हापासून मीच घेत होतो आणि मला साधा आंबा काढता येत नाही.

"भागलं की जागा मेली," सर म्हणाले. "म्या इंग्रजीची घरं रिकामी ठेवणार."

"आणि पोरं?" हेडमास्तर ओरडले. "दहावीची पोरं रिकामी बसवणार तुम्ही?"

"व्हय."

त्या 'व्हय'चा मला आजही राग येतो. एवढं मोठं काम आणि एवढासा शब्द. पण सर प्रत्येकाकडं गेले, हात जोडून म्हणाले, इंग्रजीचा तास घेऊ नका, आणि कुणीही घेतला नाही. हेडमास्तरांनी नोटिसा काढल्या, आम्ही सह्या करून परत दिल्या. शेवटी तेही थकले. मला वाटतं, आतून त्यांनाही ते पटलं असावं, पण खुर्चीत बसून ते बोलता येत नव्हतं. नोटीसबोर्डावर सरांनी वेळापत्रक लावलं. सगळ्या वर्गांच्या इंग्रजीसमोर मोकळ्या चौकटी, दहावीच्याही.

वहिनी धावत आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी येऊन शिकवते. तशीच. पोरांचं नुकसान नको."

"फुकट मिळतंय म्हटल्यावर ऑर्डर कोण काढंल? तुम्ही परीक्षेचा अभ्यास करा."

आम्हाला वाटलं होतं, पंधरा दिवस, फार तर महिना. पालक बोंबलतील आणि संस्था जागी होईल. पालक बोंबलले. मोर्चा घेऊन आले, सरांच्या अंगावर धावून गेले. सर फाटकात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "माझ्यावर ओरडून काय व्हणार? वर जाऊन ओरडा." काही जण गेलेही. त्यामुळंच कागद हलला, हे नक्की. पण सरकारी कागद तो, हलतो तरी किती? दिवाळीनंतर एक तात्पुरता पोरगा शिकवायला आला, तो महिनाभरात हायवेवरच्या दुसऱ्या शाळेत पळाला. परत रिकामं.

आणि त्या दहावीत त्यांची स्वतःची मुलगी होती. कोमल. गणितात हुशार, इंग्रजीत कच्ची. त्या तासांना मी वर्गावरनं जायचो तेव्हा ती मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसलेली दिसायची. पोरी तिला ऐकवायच्या, तुझ्या अप्पामुळं आमचं वाटोळं झालं म्हणून. ती पुस्तकाचं पान उलटायची.

गावात ज्यांची ऐपत होती त्यांनी पोरांना शिकवणी लावली. वस्तीवरची पोरं राहिली. शाळा सुटली की ती गाडी धरायची, त्यांना कुठली शिकवणी! मी सरांना म्हणालो, "निदान कोमलला तरी लावा."

"ज्येस्नी शिकवणी न्हाई, त्येंच्यासंगं ती बी."

"सर, ही नाटकं झाली! पोरीचा बळी देताय तुम्ही!" मी भर स्टाफरूममध्ये ओरडलो. मी त्यांच्याशी इतक्या वरच्या आवाजात कधी बोललो नव्हतो. मराठीच्या बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

सर हळूच म्हणाले, "तिला शिकवणी लावली तर ह्यो तास रिकामा ठेवायचा हक्क मला ऱ्हात न्हाई." आणि तासाला निघून गेले. त्यांच्या हातातला खडू खाली पडला होता, तो घ्यायलाही थांबले नाहीत. नंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. दोघं एकाच टेबलावर डबा खायचो, तरी नाही.

त्यांचं बरोबर होतं की चूक, मला विचारू नका. मी कितीदा तरी हा विचार घोळून बघितला आहे. वहिनींकडं बघितलं की वाटतं बरोबर होतं, त्या मागच्या बाकाकडं बघितलं की वाटतं, नाही.

वहिनी परीक्षा पास झाल्या. उन्हाळ्यात ऑर्डर आली. आणि त्याच आठवड्यात दहावीचा निकाल लागला. मोबाइलवर एकेक नाव उघडत गेलो. शिकवणीवाली पोरं निघाली. वस्तीवरची काही राहिली, सगळी इंग्रजीत. कोमलचं नाव उघडलं आणि मोबाइल उपडा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडं आल्या. ऑर्डर पिशवीत होती, तोंड सुकलेलं. म्हणाल्या, "भाऊजी, मला एकटीला सरांच्या घरी जायचं धाडस न्हाई होत. तुम्ही चला." वाटेत मी म्हणालो, पेढे घेऊ. त्या नको म्हणाल्या. कुठल्या तोंडानं न्यायचे पेढे?

दार कोमलनं उघडलं. सरांच्या मंडळी कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या, घरात पोर एकटीच. आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी आणून दिलं. वहिनींनी तांब्या हातात धरला, तो तसाच धरून राहिल्या.

कोमलच बोलली. "काकू, ऑर्डर आली म्हणं तुमची. मग पेढे कुठं हायत?"

वहिनींचा बांध फुटला. तिला जवळ ओढून म्हणाल्या, "माझ्यापायी तुझं वर्ष गेलं गं, बाळा."

"कुठं गेलंय? पुरवणी परीक्षा हाय की. आता तुम्हीच शिकवा." ती हसत होती, पण डोळे सुजलेले होते. रात्रभर रडलेली पोर कळत नाही होय माणसाला?

मी इकडं तिकडं बघितलं. "अप्पा कुठं गेलेत?"

"सकाळधरनं बाहेर हायत. इंग्रजीत राहिलेल्या पोरांच्या घरी. एकेकाच्या दारात जाऊन सांगणार म्हणले, तुमच्या पोराचं वर्ष म्या घालवलं म्हणून."

मग ती चूल-भांड्याकडं वळली, चहा ठेवायला. पाठमोरीच म्हणाली, "म्या इच्यारलं, आन् माझं? तर म्हणले, आपलं घर शेवटी."